पिवळ्या फडक्यावर मासुएचा भरवसा नव्हता

कामिउराच्या तिसऱ्या आळीत चौदा घरं, आणि चौदाच्या चौदा घरांना ठाऊक होतं की ह्योदोंची मासुए बॅटरी चाटून बघते.

खरंच चाटायची. संकटकाळच्या पेटीत ठेवायची चौकोनी बॅटरी, नवीकोरी, वेष्टनावर तारीख छापलेली. तरी ही जिभेचं टोक लावणार, चुरचुरलं की मान हलवणार आणि म्हणणार, "आहे. सध्या तरी आहे." त्या ‘सध्या तरी’वर असा काही जोर, की ऐकणाऱ्याला वाटावं, बॅटरीच्या चालचलणुकीबद्दल हिच्या कानावर काहीतरी आलंय.

वाळूच्या पोत्यांना ती लाथ घालून बघायची. गार पाण्यात भिजवून खायच्या भाताची पाकिटं कानाशी धरून हलवायची. टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी हसली की मासुए टीव्हीला म्हणायची, "हसू नकोस. काय लपवतेयस ते सांग." एकोणसत्तर वर्षांची झाली होती, आणि लोक ताक फुंकून पितात तर ही थंड पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

बंदरावर माशाच्या चकत्या तळणारं एक दुकान होतं. तिथे तिनं एकतीस वर्षं काढली. तेल कालचं की आजचं, हे तिला रस्त्याच्या पलीकडून वासावर कळायचं. मालक म्हणायचा, "आजचंच आहे हो." मासुए नाक वर करायची. "आजचं? मग त्याला कालचे मासे कसे आठवतायत?"

नवरा होता तोवर तो या स्वभावाला हसायचा. एका सकाळी तो बूट चढवताना उंबऱ्यावर जरा टेकून बसला. "काय होतंय?" हिनं विचारलं. "काही नाही. ठीक आहे." दुपारी बंदरावरून निरोप आला. तेव्हापासून कुणी ‘ठीक आहे’ म्हटलं की मासुए त्या माणसाकडे, बूड गळणाऱ्या बादलीकडे बघावं, तशी बघायची. आणि या गावात तर माणसं उठता-बसता ‘ठीक आहे’ म्हणतात. पाय मोडला? ठीक आहे. छप्पर उडालं? ठीक आहे, चांदणं छान दिसतं.

तर त्या पिवळ्या निशाणांची गोष्ट. शेजारच्या खोऱ्यात डोंगर खचला त्या वर्षी आळीत आपत्ती मंडळ निघालं आणि घरटी एक पिवळं निशाण मिळालं. घर सोडून निघताना ते फाटकाला लावायचं. म्हणजे या घरातली सगळी माणसं सुखरूप बाहेर पडली. शोधणाऱ्यानं इथे वेळ घालवू नये, पुढच्या दारी जावं. चौदाही निशाणं निनोमिया बाईंनी शिवली. बाई शाळेत शिवण शिकवायच्या. आता शहाऐंशीच्या, आळीच्या अगदी वरच्या टोकाच्या घरात एकट्या. मासुए त्यांच्याच हाताखाली शिकलेली. टाका वाकडा गेला तर बाई ओरडायच्या नाहीत, नुसतं "अरेरे" म्हणायच्या, आणि त्या एका "अरेरे"पेक्षा छडी परवडली असं अख्ख्या वर्गाला वाटायचं.

आपल्याच वाट्याला आखूड निशाण आलंय, असा मासुएला दाट संशय होता. शेजारणीचं दोरीवर वाळत असताना तिनं एकदा टेप लावून मोजलंसुद्धा. दोन्ही सारखी निघाली. तिला फार वाईट वाटलं.

"फडकं ते फडकंच," ती म्हणायची. "कुणीही टांगावं. त्याला थोडंच कळतं आपण खरं बोलतोय का?"

हे ऐकून मंडळाचे अध्यक्ष झेन्केसान डोळे मिटायचे. त्यांनी सारी हयात नगरपालिकेच्या कचेरीत शिक्के मारण्यात घालवली होती, त्यामुळे बोलतानाही शब्दागणिक शिक्का. खांबावरच्या कर्ण्यातून सूचना द्यायचं काम त्यांचंच. समोरचा डोंगर आवाज परत पाठवतो म्हणून एकेक शब्द सुटा करून सांगायचे: "हे… तिसऱ्या आळीचं… आपत्ती मंडळ… आहे." डोंगर म्हणायचा, "आहे… हे… हे…" पोरं म्हणायची, डोंगरसुद्धा अध्यक्षांना हसतो.

मागच्या वर्षीच्या वादळात मासुए अकामात्सुंच्या दारावरून जात होती. बघते तर निशाण बाहेर आणि दिवा आत. शंकेची पाल चुकचुकली. हाक मारली, ओ नाही. मग तिनं दारातली कुंडी उचलली आणि काच फोडली. आत नोरिओ अकामात्सु, पन्नाशीचा संत्रीबागवाला, न्हाणीतल्या टबात गळ्यापर्यंत बुडून गाणं म्हणत होता. बायकामुलांना शाळेच्या सभागृहात पोचवून अंग शेकायला म्हणून गुपचूप परत आलेला.

"काकू!" तो किंचाळला. "मी नागडा आहे!"

"ते दिसतंय," मासुए म्हणाली. "पण फडकं काय सांगतंय?"

तिचा मुद्दा कुणीच धरला नाही. आळी आठवडाभर हसली. मासुएला मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला जावं लागलं, आणि पुढच्या सभेत झेन्केसानांनी ठराव आणला: जिथे निशाण, तिथे दार ठोठावायचं नाही. "विश्वास… हा… संरक्षणाचा… पाया… आहे." सभा एका खोलीत होती, कर्णा नव्हता, डोंगरही नव्हता, तरी ते तसेच बोलले. सगळ्यांनी हात वर केले. मासुएनंही केला, पण कोपरापर्यंतच.

या वर्षी आळीप्रमुखाची पाळी तिच्या घरावर आली. पाळी घरांच्या क्रमानं फिरते, तिला कोण अडवणार? झेन्केसानांनी माकडाच्या हाती कोलीत देतोय असं तोंड करून तिच्या दंडाला लाल पट्टा बांधला.

"ह्योदोसान, या वर्षी एकही काच नको. ठराव मोडलात तर पट्टा परत घ्यावा लागेल."

"काचांची हमी मी देते," मासुए म्हणाली. "फडक्यांची तुम्ही देता?"

जुलैत तीन दिवस पाऊस पडला, आणि चौथ्या दिवशी दुपारी दोनला कर्णा बोलला: "म्हाताऱ्या… माणसांनी… आणि… ज्यांना… वेळ लागतो… त्यांनी… आत्ता… निघावं." डोंगरानं "घावं… वं… वं…" केलं. मासुएनं रेनकोट चढवला, पट्टा त्याच्या वर बांधला आणि खालून वर निघाली. दर घरी थांबायचं, निशाण बघायचं, यादीवर खूण करायची. तांदूळवाल्यांचं होतं. अकामात्सुंचं होतं, तिथे तिनं मान लांब करून न्हाणीच्या खिडकीकडे पाहिलं, अंधार होता. पुढच्या घरांनाही होतं. तेरा झाली.

चौदावं बाईंचं. चौसष्ट पायऱ्या चढून फाटकाशी पोचली तेव्हा तिचा श्वास घशात आला होता. निशाण लागलेलं होतं. आणि ते बघून मासुए जागीच उभी राहिली.

भिजू नये म्हणून ते पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं होतं, पावसाळ्यात वर्तमानपत्र टाकतात तसं. चारही कोपऱ्यांना चिमटे. आत इस्त्रीची घडी दिसत होती. बाकी आळीतली निशाणं पिळून टाकलेल्या पायपुसण्यासारखी लोंबत होती, जीव घेऊन निघालेल्या माणसानं लावावीत तशी. हे मात्र सणाला लावल्यासारखं.

घरामागे संत्र्यांच्या बागेचे दगडी बांध एकावर एक चढत गेलेले. फटींतून एरवी नितळ पाणी झिरपायचं. आज ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, आणि मधूनच एखादा खडा टपकन खाली पडत होता. पाणी गढुळलं की क्षणभर थांबू नका, हे मंडळाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं.

मासुएनं वॉकीटॉकी काढला. त्याचाही एक नियम होता. आपलं बोलून झालं की ‘बोला’ म्हणायचं. त्याशिवाय समोरच्यानं तोंड उघडायचं नाही.

"अध्यक्षसाहेब, मी निनोमिया बाईंच्या फाटकाशी आहे. फडकं लागलंय."

खरखर.

"ऐकू येतंय का?"

खरखर.

"…बोला!"

"हं. निशाण लागलं आहे, म्हणजे बाई निघाल्या आहेत. तुम्ही खाली या. बोला."

"बाई शाळेत पोचल्या का? बोला."

"नोंद चालू आहे. गर्दी आहे. बोला."

"म्हणजे नाही पोचल्या. बोला."

"म्हणजे नोंद चालू आहे. ह्योदोसान, मागचं वर्ष आठवा. बोला."

मासुएला बोलायचं पुष्कळ होतं, पण बोला म्हणून सांगितल्यावर बोलण्यासारखं ते नव्हतं. तिनं दाराकडे पाहिलं. कुलूप. लाकडी झडपा ओढलेल्या. ठराव सांगत होता, जा. झडपा सांगत होत्या, जा. एक चूक आणखी झाली तर आळी या वेळी आठवडाभर नाही, वर्षभर हसणार होती. आणि हसणाऱ्यांत बाईही असणार होत्या. त्या हसायच्या नाहीत, "अरेरे" म्हणायच्या.

ती दोन पायऱ्या उतरली. तेवढ्यात वारा फिरला आणि तिच्या नाकाला वास लागला.

डासांची कॉइल.

आता हे ऐका. निनोमिया बाई म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा तरी शेजारच्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगणारी बाई. "उद्या अकराच्या सुमाराला तीनदा ठक होईल, माफ करा." ही बाई पेटती कॉइल मागे ठेवून घराबाहेर पडेल? शक्यच नव्हतं.

मासुए घराला वळसा घालून मागे गेली. शौचालयाची खिडकी चार बोटं उघडी होती आणि तिच्यातून धुराची बारीक रेघ बाहेर येत होती.

"बाई!"

"बाई, मी मासुए. आत आहात का?"

धुराची रेघ तुटली.

मासुएनं खिडकीला तोंड लावलं. "रिकाम्या घरातली कॉइल कुणी विझवली?"

आतून आवाज आला, अगदी वर्गातला. "निशाण पाहिलं नाहीस का?"

"पाहिलं. म्हणूनच आले."

"त्याचा अर्थ काय शिकवला होता? घरात कुणी नाही."

"बरं. मग बोलतंय कोण?"

"अरेरे," आतून उत्तर आलं.

"बाई, बांधातून गढूळ पाणी येतंय. दार उघडा."

"मला दिसतंय ते. सकाळपासून दिसतंय. बारालाच लावलं मी निशाण. म्हटलं, या पावसात माझ्यापायी कुणी चौसष्ट पायऱ्या चढू नयेत. तू जा. माझं ठीक आहे."

हे शेवटचे दोन शब्द त्यांनी मासुएला म्हणायला नको होते. तिनं खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं, जशी काही खिडकीच निघून चालली होती.

"ठीक काय आहे? नीट सांगा. मी हलत नाही."

"शाळेतल्या शौचालयात खाली उकिडवं बसावं लागतं," बाई म्हणाल्या. आवाज आता वर्गातला राहिला नव्हता. "माझे गुडघे वाकत नाहीत. मला रात्रीत पाचदा उठावं लागतं. मागच्या खेपेला शेजारच्या मुलीला हाक मारली. ‘काही हरकत नाही, आजी,’ म्हणाली. किती गोड म्हणाली. आणि मग तिनं सुस्कारा टाकला."

"मोठा?"

"एवढासा. तिला वाटलं, मला ऐकू आला नाही."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असं काय बाई, आम्हाला तुम्ही हव्या आहात. मासुएला असल्या बोलण्याचाच संशय यायचा, आणि बाईंनाही येत असणार. मागे एक दगड सुटला आणि चिखलात रुतला. मासुएनं घसा खाकरला.

"बरं, नका येऊ. पण मला एक सांगा. बांध आला की तुम्ही त्याच्याखाली. तुम्हाला काढणार कोण?"

"कुणी काढू नये."

"तसं चालत नाही बाई. अग्निशामक दलाची माणसं येणारच. वीस तरी. चिखलात, तीन दिवस."

"वीस?"

"कुत्रे वेगळे."

आत काहीतरी कपाटाला लागलं.

"शिवाय त्या विसांना तीन वेळ जेवायला लागणार. ते आळीतल्या बायकांनी करायचं. तांदूळवाल्यांच्या सुनेला सातवा महिना आहे, तीही भाताचे मुटके वळत बसणार. आणि झेन्केसान रोज दोनदा कर्ण्यावरून सांगणार." मासुएनं नाकातून, शिक्के मारत, हुबेहूब आवाज काढला: "निनोमिया… बाई… अजून… सापडल्या… नाहीत… हीत… हीत…"

"नावानिशी?" बाईंनी विचारलं.

"वयासकट."

कडी वाजली.

बाई मागच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या पायांत बूट होते, अंगात रेनकोट होता आणि हातात संकटकाळची पिशवी होती, गाठ मारलेली, वर नाव शिवलेलं. मासुएनं पिशवीकडे पाहिलं. न जाणाऱ्या माणसानं पिशवी कशाला बांधली? पण हा संशय तिनं गिळला. तसे ती फार क्वचित गिळायची.

फाटकाशी नोरिओ अकामात्सु दम टाकत उभा होता. वॉकीटॉकी त्याच्याकडेही होता. सगळी बोलाबोला त्यानं ऐकली होती.

"काकू, आज मी आंघोळ करत नाहीये," तो म्हणाला, "म्हणून आलो." आणि बाईंकडे पाठ करून खाली बसला.

आता फडकं खरं बोलत होतं, तेव्हा मासुएनं ते तसंच राहू दिलं. नोरिओ पायऱ्या उतरू लागला आणि त्याच्या पाठीवरून बाई पायरीगणिक एक म्हणू लागल्या, "माफ कर हं, नोरिओ. माफ कर हं."

"बाई, एकदाच काय ते मागून टाका, मी पुरवून वापरतो."

ते खालच्या रस्त्याला लागले आणि वर आवाज झाला. संत्र्यांचे हजार क्रेट एकाच वेळी उलटावेत तसा. बाईंची माफी तेवढ्यापुरती थांबली. कुणी मागे पाहिलं नाही. नोरिओ तर बाईंना घेऊन पळतच सुटला.

बाईंचं शौचालय गेलं, स्वयंपाकघर गेलं, आणि शिवणाची खोली निम्मी.

शाळेच्या सभागृहात झेन्केसान यादी घेऊन दारातच उभे होते. बाईंना पाहून ते कमरेत वाकले, मग मासुएपुढे त्याहून खाली वाकले आणि म्हणाले, "ह्योदोसान मला माफ करा मी बाईंचं नाव दोनदा शोधलं तिसऱ्यांदा शोधायला हवं होतं." सगळं एका दमात. मधे एकही शिक्का नाही. मासुएनं दंडावरचा पट्टा नीट केला.

तासाभरानं नोरिओ गरम चहा घेऊन तिच्याजवळ येऊन बसला. मान चोळत होता.

"काकू, खरं सांगू? दुपारी एकला बागेतून उतरताना मलाही कॉइलचा वास आला होता."

"मग?"

"निशाण होतं ना. म्हटलं, बाईंना कुणी यायला नको असेल. उगाच कशाला अवघडायचं त्यांना."

पलीकडून तांदूळवाल्यांची सून हळूच म्हणाली, "मी बाराला निशाण पाहिलं. म्हटलं, इतक्या लवकर? पण बाई सगळंच वेळेआधी करतात." आणि तिच्या सासूनं मान खाली घातली, तिनं बाईंच्या खिडकीची झडप हलताना पाहिली होती.

मासुएनं चहा खाली ठेवला. अख्ख्या आळीत आपण एकट्याच संशयी, असं तिला आजवर वाटत आलेलं, आणि त्याचा थोडा तोराही होता. इथे तर तिघांना संशय आला होता. तिघांनी तो नीट घडी करून, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून, खिशात ठेवून दिला होता. सबंध दिवसात तिला आत्ता पहिल्यांदा भीती वाटली. पायऱ्यांवर वाटली नव्हती तेवढी.

ती उठली, मंडळाच्या सामानातून घडीची कमोडची खुर्ची शोधून काढली, तिच्या चारही पायांना लाथ घालून पाहिली आणि शौचालयात नेऊन मांडली. मग आपली चटई ओढत बाईंना मिळालेल्या पुठ्ठ्याच्या घडीच्या पलंगाला टेकवली. बाई ताठ बसल्या होत्या, पिशवी मांडीवर.

"तुला इथे झोप लागायची नाही," बाई म्हणाल्या. "दार सारखं वाजतं."

"मला कुठेच लागत नाही."

पाऊस छपरावर चालूच होता. समोर पोरं झेन्केसानांची नक्कल करत होती आणि झेन्केसान ऐकू न आल्यासारखं करत होते.

"मासुए."

"काय?"

"मला जायचंय. जरा हात दे."

मासुएनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आल्यापासून बाईंनी चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता. आणि उभ्या जन्मात या बाईनं कुणाकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं.

"खरंच जायचंय," तिनं विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून?"

बाईंनी नुसता हात पुढे केला. मासुएनं तो धरला आणि त्यांना उठवलं, पण दारापर्यंत त्यांचा चेहरा निरखत राहिली.